गूढ आवाजाचा शोध

(रात्रीच्या वेळी घुमणारा एक आवाज. तो कोठून येतो हे कळत नाही. काहींना तो ऐकू येतो, काहींना येत नाही. असे आवाज जगात अनेक ठिकाणी ऐकले गेले आहेत. त्यांचा शोध लोकांनी आणि शास्त्रज्ञांनी कसा घेतला, त्यात कोठे यश आले आणि कोठे आले नाही, याची माहिती या पाठात दिली आहे.)

सॅन फ्रान्सिस्को हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोठे शहर आहे. तेथून गोल्डन गेट हा प्रसिद्ध पूल ओलांडून उत्तरेकडे गेले, की सॉसलिटो नावाचे छोटे गाव लागते. गावाला लागूनच रिचर्डसन नावाची उथळ खाडी आहे. या खाडीत पाण्यावर तरंगणारी घरे आहेत. ही घरे होड्यांवर आणि तराफ्यांवर बांधलेली असून ती धक्क्याला बांधून ठेवलेली असतात. आत स्वयंपाकघर, झोपण्याची खोली, विजेचे दिवे असे सारे काही असते. माणसे तेथे बारा महिने राहतात.

१९८५ सालच्या सुमारास या तरंगत्या घरांतील लोकांची झोप उडाली. उन्हाळा आला, की दिवस मावळल्यावर एक आवाज सुरू होई. तो खालच्या पट्टीतला, एकसुरी, न थांबणारा आवाज होता. कोणी म्हणे, जणू जवळच विजेचे दाढीचे यंत्र चालू आहे. कोणी म्हणे, जुन्या काळची पंख्यांची विमाने रांगेने डोक्यावरून चालली आहेत. आवाज रात्रभर चाले आणि पहाट झाली, की थांबे. उशीत डोके खुपसले, तरी तो ऐकू येई. घराच्या तळातून, भिंतीतून, पलंगातून तो अंगापर्यंत पोहोचे.

आवाज कशाचा, याविषयी तर्क सुरू झाले. गावातील सांडपाण्याच्या पंपांवर काहींचा संशय होता. काहींना वाटले, एखादे जनित्र रात्रभर चालू राहत असावे. काहींची खात्री होती, की नौदल पाण्याखाली गुप्त प्रयोग करत आहे. परग्रहावरील प्राण्यांचे नावही कोणी कोणी घेतले. अंदाज पुष्कळ होते, पुरावा मात्र कोणाजवळच नव्हता.

संशय घेणे सोपे असते, शोध घेणे कठीण असते. शोध घेण्यासाठी आधी खुणा गोळा कराव्या लागतात. सॉसलिटोच्या आवाजाच्या खुणा आपणही एका कागदावर मांडून पाहू.

पहिली खूण : आवाज रात्रीच येतो. पंप आणि जनित्रे तर दिवसाही चालतात.

दुसरी खूण : आवाज उन्हाळ्याच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबरच्या आसपास बंद पडतो. हिवाळ्यात तो नसतो. यंत्राला असा ऋतू असण्याचे कारण नाही.

तिसरी खूण : सर्वांत जास्त त्रास तरंगत्या घरांतील लोकांना होतो. म्हणजे आवाजाची वाट हवेतून कमी आणि पाण्यातून अधिक आहे.

रात्र, ऋतू आणि पाणी या तिन्ही खुणा एकत्र ठेवल्या, की संशयाची सुई यंत्रावरून हलते आणि सजीवाकडे वळते. कारण रात्र आणि ऋतू पाळून वागणे हा प्राण्यांचा स्वभाव आहे.

आणि झालेही तसेच. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टाइनहार्ट नावाचे मोठे मत्स्यालय आहे. डॉ. जॉन मॅकॉस्कर हे त्या वेळी त्याचे संचालक होते. १९८५ साली त्यांनी या आवाजाचा उलगडा केला. रात्रभर लोकांना जागवणारा हा आवाज एका माशाचा होता!

या माशाला मिडशिपमन म्हणतात. बेडकासारखे रुंद तोंड असलेल्या माशांच्या कुळातील हा मासा आहे. त्याची लांबी साधारण हातभर भरते, त्याहून फार नाही. त्याच्या पोटावर प्रकाश देणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात. त्या गणवेशावरील चकचकीत बटणांसारख्या दिसतात. म्हणून नौदलातील शिकाऊ अधिकाऱ्याचे नाव या माशाला मिळाले.

हिवाळ्यात हे मासे खोल समुद्रात असतात. वसंत ऋतू संपत आला, की ते किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येतात. नर एखाद्या दगडाखालची जागा उकरून घरटे तयार करतो आणि त्यात बसून राहतो. अंधार पडला, की तो गुणगुणू लागतो. आपले घर तयार आहे, हे मादीला कळवण्याचा त्याचा हा मार्ग असतो. एकदा लागलेला सूर कधी कधी तासाहून अधिक काळ तुटत नाही. आवाजाच्या रोखाने मादी घरट्यात येते, दगडाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढे कित्येक आठवडे नरच त्या अंड्यांची राखण करतो. ओहोटीच्या वेळी पाणी ओसरून घरटे उघडे पडले, तरी तो जागा सोडत नाही.

या माशाला गळा नाही, की आपल्यासारखी फुप्फुसे नाहीत. मग तो आवाज कसा काढतो? अनेक माशांच्या पोटात हवेने भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरील कोळी तिला भोत म्हणून ओळखतात. मिडशिपमनच्या वाताशयाला दोन्ही बाजूंनी मजबूत स्नायू असतात. हे स्नायू एका सेकंदात सुमारे शंभर वेळा आकुंचन पावतात. त्यामुळे पिशवी ढोलाच्या कातड्यासारखी थरथरते आणि आवाज निघतो. आपल्याकडील घोळ आणि ढोमा हे मासेही वाताशय थरथरवून आवाज काढणाऱ्या कुळातील आहेत.

एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या हर्ट्‌झ या एककात सांगतात. मिडशिपमनचा आवाज साधारण १०० हर्ट्‌झचा असतो. आता एक गंमत पाहा. भारतातील वीज ५० हर्ट्‌झची असते आणि तिच्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून जी घरघर ऐकू येते ती १०० हर्ट्‌झची असते. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्‌झची असल्यामुळे तेथील ट्रान्सफॉर्मर १२० हर्ट्‌झने घुमतो. म्हणजे माशाचा सूर आणि विजेच्या यंत्राचा सूर एकमेकांच्या फार जवळ आहेत. सॉसलिटोच्या लोकांना तो आवाज यंत्राचा वाटला, यात नवल नाही.

खाडीत असे अनेक नर एकाच वेळी गुणगुणत असत. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. त्याच्या वाटेत तरंगत्या घरांचे पोकळ तळ येत आणि तेही थरथरू लागत. सतारीचा भोपळा तारेचा आवाज वाढवतो, तसा घराचा तळ माशांचा आवाज वाढवत असे. आवाज करणारे पाण्यात होते, पण जो तो शोधत होता जमिनीवर.

उलगडा झाला, तरी आवाज थांबणार नव्हता. यंत्र असते, तर त्याचे बटण बंद करता आले असते. मासे मात्र माणसांच्या आधीपासून त्या किनाऱ्यावर येत आले आहेत. लोकांनी ही गोष्ट हसतमुखाने स्वीकारली. पुढे काही वर्षे सॉसलिटोत या गुणगुणणाऱ्या माशाच्या नावाने उत्सवही भरत असे. आवाज तोच होता, पण त्याचे कारण कळल्यावर त्याची भीती उरली नाही.

असे आवाज शोधणे इतके अवघड का जाते? त्याची कारणे आवाजाच्या स्वभावातच आहेत.

हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. १०० हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट त्यामुळे सुमारे साडेतीन मीटर लांबीची होते. आपल्या दोन कानांमध्ये तर एक वीतही अंतर नसते. एवढी लांब लाट डोक्याला वळसा घालून जाते आणि दोन्ही कानांना जवळजवळ सारखीच ऐकू येते. शिट्टी कोणत्या बाजूने वाजली हे आपण चटकन सांगतो, पण खोलीत घुमणाऱ्या खर्जाची दिशा सांगता येत नाही. तो चहूकडून आल्यासारखा वाटतो.

दुसरे असे, की उंच पट्टीचे आवाज भिंती आणि खिडक्या पुष्कळसे अडवतात. खालच्या पट्टीचे आवाज मात्र आरपार येतात. लांबच्या लग्नघरातील सनई आपल्याला ऐकू येत नाही, पण ढोल ऐकू येतो, तो याच कारणाने. खोलीत आल्यावर हा आवाज भिंतींवरून परततो. येणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. त्यामुळे खोलीच्या कोपऱ्यात आवाज मोठा आणि मध्यभागी लहान असे होऊ शकते. दोन पावले सरकले, की आवाज नाहीसा होतो आणि पुन्हा मागे आले, की परत येतो. ज्याला तो ऐकू येत असतो त्याला आपल्याच कानांची शंका येऊ लागते.

आणि रात्रच का? दिवसा वाहने, माणसे, पंखे यांचा गोंगाट असतो. त्यात हा हलका आवाज बुडून जातो. रात्री गोंगाट ओसरला, की तो वर येतो. शिवाय स्वच्छ आकाशाच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा लवकर थंड होते. अशा वेळी वर निघालेला आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो आणि दूरवर पोहोचतो. दिवसा मैलभरावरून ऐकू न येणारी आगगाडी रात्री ऐकू येते, हा अनुभव अनेकांना असतो.

सॉसलिटोत आवाज माशाचा निघाला, म्हणून सगळीकडे मासाच असेल असे मात्र नाही. कॅनडात विंडसर नावाचे शहर आहे. डेट्रॉइट नदीच्या एका काठावर कॅनडाचे विंडसर आणि दुसऱ्या काठावर अमेरिकेचे डेट्रॉइट. मधली नदी हीच दोन देशांची सरहद्द आहे. २०११ सालापासून विंडसरचे लोक एका घुमणाऱ्या आवाजाबद्दल तक्रार करू लागले. मोठा ट्रक इंजिन चालू ठेवून दाराशी उभा असावा, तसा तो आवाज होता. कधी खिडक्याही थरथरत. लोकांना झोप लागत नसे, डोकी दुखत.

कॅनडाच्या भूकंपशास्त्रज्ञांनी यंत्रांच्या मदतीने आवाजाची दिशा शोधली. ती नदीपलीकडील झग नावाच्या बेटाच्या परिसराकडे निघाली. या बेटावर पोलादाचा कारखाना होता आणि त्यात लोखंड वितळवणाऱ्या प्रचंड झोतभट्ट्या होत्या. पुढे कॅनडा सरकारने दोन विद्यापीठांतील तज्ज्ञांकडे काम सोपवले. त्यांचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. आवाज खरोखरच आहे आणि तो झग बेटावरील भट्ट्यांच्या कामातून येत असण्याचा संभव मोठा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण पक्की खात्री करण्यासाठी नदीपलीकडे जाऊन मोजणी करणे आवश्यक होते आणि पलीकडे दुसरा देश होता. आवाजाला सरहद्द अडवत नव्हती, तपासाला मात्र ती अडवत होती.

यानंतरही आणखी काही वर्षे लोक तो आवाज सोसत राहिले. २०२० साली झग बेटावरील भट्ट्या बंद करण्यात आल्या आणि विंडसरमधील तो आवाज थांबला. अहवालाने वर्तवलेला संभव अशा रीतीने प्रत्यक्षात खरा ठरला. आवाजाच्या तपासात याहून चांगला पुरावा नसतो. ज्यावर संशय आहे ते बंद पडले आणि त्याच वेळी आवाजही थांबला, तर संशयाला मोठा आधार मिळतो.

प्रत्येक शोध यशस्वी होतोच असेही नाही. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात टाओस नावाचे गाव आहे. तेथील काही लोकांनी १९९०च्या सुमारास अशाच आवाजाची तक्रार केली. १९९३ साली विद्यापीठातील आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांचे पथक तेथे गेले. त्यांनी लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि संवेदनशील यंत्रे लावून मोजणी केली. शंभरातील साधारण दोन माणसांना आवाज ऐकू येत होता. पण त्यांचे वर्णन एकमेकांशी जुळत नव्हते. यंत्रांनाही त्या आवाजाचे उगमस्थान सापडले नाही. शास्त्रज्ञांनी तसे स्पष्ट सांगून टाकले. त्यांनी ओढूनताणून एखादे कारण चिकटवले नाही, हेही शास्त्राला धरूनच झाले.

अशा वेळी ज्यांना आवाज ऐकू येतो त्यांचे काय? ते खोटे बोलतात असे समजणे बरोबर नाही. प्रत्येकाची श्रवणशक्ती सारखी नसते. एकाला ऐकू येणारा खालचा सूर दुसऱ्याला ऐकू येत नाही. कधी कधी बाहेर आवाज नसतानाही कानात सतत घूं घूं किंवा शिट्टीसारखा आवाज होत राहतो. हा कानाचा एक विकार आहे आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. आवाज बाहेरचा असो की कानातला, झोप तर दोन्हींमुळे उडते. त्रास खराच असतो. माशांच्या जगातही सर्वांना सर्व काळ सारखे ऐकू येत नाही. मिडशिपमनच्या माद्यांचे कान विणीच्या हंगामात बदलतात आणि नराच्या आवाजातील वरचे सूर अधिक चांगले टिपू लागतात. हे अमेरिकेतील संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले.

तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात एखादा असा आवाज येऊ लागला, तर काय कराल? सर्वप्रथम एक वही घ्या. आवाज कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाला आणि केव्हा थांबला, ते लिहा. तो सलग आहे की थांबून थांबून येतो, हेही लिहा. त्या वेळी पाऊस, वारा, थंडी कशी होती, याची नोंद ठेवा. आठवडाभराच्या नोंदींतून पुष्कळ काही कळते. इमारतीचा पाण्याचा पंप ठरावीक वेळी चालतो. फ्रिज थोडा वेळ चालतो आणि थोडा वेळ बंद राहतो. ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस घुमतो, पण वीज गेली, की एकदम गप्प होतो.

मग घरातील वडीलधाऱ्यांना सांगून मेन स्विच थोडा वेळ बंद करायला लावा. आवाज थांबला, तर कारण घरातच आहे. नाही थांबला, तर ते बाहेर आहे. वेगवेगळ्या खोल्यांत, गच्चीवर आणि रस्त्यावर जाऊन आवाज कोठे वाढतो आणि कोठे कमी होतो, ते पाहा. शेजाऱ्यांना विचारा; पण ‘तुम्हालाही घूं घूं असा आवाज येतो ना?’ असे विचारू नका. ‘रात्री तुम्हाला काही ऐकू येते का?’ एवढेच विचारा. उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या. गावभर दूर कोठे तरी गेल्यावरही तोच आवाज तसाच कानात राहिला, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. एक गोष्ट मात्र कधीही करू नका. ट्रान्सफॉर्मरजवळ किंवा विजेच्या पेटीजवळ जाऊन पाहणी करू नका. तेथे जिवाला धोका असतो. ते काम वीज कंपनीच्या माणसांचे आहे.

सॉसलिटो, विंडसर आणि टाओस या तिन्ही ठिकाणी सुरुवात एकाच गोष्टीने झाली. कोणीतरी म्हणाले, ‘मला आवाज ऐकू येतो.’ पुष्कळ वेळा अशा माणसाला हसतात, भास होतो म्हणतात. तसे केले, की शोध तेथेच थांबतो. विंडसरच्या लोकांनी तक्रार सोडून दिली असती, तर कोणी यंत्रे लावली नसती. तेव्हा घरातील आजी म्हणाली, ‘रात्री काहीतरी घुमते रे’, तर तिचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. तिच्याजवळ बसा, कानोसा घ्या आणि वही उघडा.

शब्दार्थ

गूढ – ज्याचे कारण कळत नाही असे. खाडी – समुद्राचा जमिनीत शिरलेला भाग. तराफा – ओंडके किंवा फळ्या बांधून केलेले तरंगते साधन. जनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र. एकसुरी – एकाच सुरातील. उलगडा – खुलासा. आकुंचन पावणे – आखडणे. खर्ज – खालचा सूर. झोतभट्टी – जोराची गरम हवा सोडून लोखंड वितळवणारी भट्टी. निष्कर्ष – विचारान्ती काढलेले अनुमान. संभव – शक्यता. उगमस्थान – जेथून एखादी गोष्ट निघते ती जागा. श्रवणशक्ती – ऐकण्याची शक्ती. वीण – प्राण्यांचे प्रजनन.

वाक्प्रचार

झोप उडणे – चिंतेमुळे किंवा त्रासामुळे झोप न येणे.
संशयाची सुई वळणे – एखाद्यावर संशय जाणे.
कानोसा घेणे – लक्षपूर्वक ऐकून अंदाज घेणे.
हसण्यावारी नेणे – गंभीरपणे न घेणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सॉसलिटोच्या लोकांना आवाज वर्षाच्या कोणत्या काळात ऐकू येई?
(आ) मिडशिपमन या माशाला हे नाव कशावरून मिळाले?
(इ) अंड्यांची राखण कोण करतो?
(ई) विंडसरमधील आवाज कोणत्या साली थांबला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) सॉसलिटोच्या लोकांना आवाज यंत्राचा वाटला.
(आ) खालच्या पट्टीच्या आवाजाची दिशा ओळखणे कठीण जाते.
(इ) विंडसरच्या तज्ज्ञांना पक्की खात्री करता आली नाही.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आवाजाच्या तीन खुणांवरून कोणते अनुमान निघते?
(आ) टाओसच्या शास्त्रज्ञांना आवाजाचे कारण सापडले नाही, तरी त्यांचे काम वाया गेले नाही असे तुम्हाला वाटते का? का?
(इ) शेजाऱ्यांना ‘घूं घूं असा आवाज येतो ना?’ असे का विचारू नये?

प्र. ४. भाषाभ्यास.
आवाज, अंदाज, तक्रार, कारखाना, सरहद्द, किनारा हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आहेत. ते तुमच्या ओळखीचे आहेत. पण काहींचा अर्थ मराठीत बदलला आहे. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे हुज्जत, वादावादी. मराठीत ‘तक्रार’ म्हणजे शिकायत. उर्दूत ‘अंदाज़’ म्हणजे ढंग, रीत. मराठीत ‘अंदाज’ म्हणजे अटकळ. ‘तक्रार’ आणि ‘अंदाज’ हे शब्द मराठी अर्थाने वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.

प्र. ५. पाठातील ध्वनिदर्शक शब्द पाहा : गुणगुण, घरघर, घूं घूं. असे आणखी पाच मराठी शब्द लिहा आणि ते आवाज कशाचे असतात ते सांगा.

उपक्रम

रात्री जेवणानंतर दहा मिनिटे शांत बसा. ऐकू येणाऱ्या प्रत्येक आवाजाची यादी करा. त्यापुढे तो कोठून येतो ते लिहा. ज्या आवाजाचे कारण कळले नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह काढा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा शोध घ्या. तुमच्या नोंदी वर्गात वाचून दाखवा.